हिरव्या कोटातली रोझलिन

इंग्लंडमधल्या अ‍ॅक्रिंग्टनच्या वाचनालयातले माझे काम सोपे होते. १९६४च्या नोव्हेंबरात कॉरोना बॉलरूम या नाचघरात ‘साल्टहाऊस फाइव्ह’ हा बँड ज्यांनी प्रत्यक्ष ऐकला, त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या. अनोळखी माणसांसमोर मला बोलणे जमत नाही. पण म्हाताऱ्यांना ऐकणाराच हवा असतो.

ती ध्वनिमुद्रणे ऐकायला एनिड क्लेगबाई मला दर शुक्रवारी घरी बोलावीत. त्यांची थोरली बहीण रोझलिन त्या रात्री हिरवा कोट घालून बँड ऐकायला गेली, ती परतलीच नाही. एनिडबाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. साठ वर्षांत त्यांनी घर बदलले नव्हते. रोझलिनला कोणी कुठवर पाहिले, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.

पहिल्या आठवड्यात वेरा होल्डन आल्या. मुली हातपिशव्यांचा ढीग मधोमध ठेवून भोवती नाचत होत्या, आणि हिरव्या कोटातली एक मुलगी दाराशीच पावसाने निथळत उभी होती, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या आठवड्यात नॉर्मन ग्रिमशॉ आले. गिटारची तार तुटली तेव्हा सारे हसले. पिशव्यांपाशी उभी असलेली हिरव्या कोटातली मुलगी तेवढी हसली नाही, असे ते म्हणाले. तिसऱ्या आठवड्यातल्या बाईंनी तिला बाजूच्या दाराने बाहेर पडताना पाहिले होते.

ही माणसे एकमेकांना ओळखत नव्हती.

मग वेराबाईंचा फोन आला. “बाळा, ती गोष्ट मी साठ वर्षं सांगतेय. ही मुलगी त्यात नव्हती रे. तुझ्या यंत्रासमोर बसले, आणि ती आली.”

मी ते एनिडबाईंना सांगितले नाही.

चौथे ध्वनिमुद्रण बसच्या निवृत्त वाहकाचे होते. हिरव्या कोटातली मुलगी शेवटच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर एकटीच बसली होती. तिने सांगण्याआधीच त्यांनी बस थांबवायची घंटी वाजवली होती.

“कुठे उतरली?” एनिडबाईंनी विचारले.

“तुमच्याच गल्लीच्या कोपऱ्यावर,” मी म्हणालो.

त्यांच्या चेहऱ्यावर मी आनंद शोधला. तिथे तो नव्हता.

“आता पुरे कर, पोरा. पुढचं नको घेऊस.”

मग त्यांनीच सांगितले. त्या काळी या गल्लीत घराची किल्ली दाराच्या आतल्या बाजूला दोरीला टांगलेली असे. उशिरा येणाऱ्याने दारातल्या टपालाच्या फटीतून हात घालून दोरी ओढायची आणि किल्ली घ्यायची.

“मला नेलं नाही तिने. रागाच्या भरात मी किल्लीसकट दोरी काढली आणि उशीखाली घेऊन झोपले. ती घरापर्यंत पोचलीच नाही, एवढं कुणीतरी सांगावं म्हणून मी हे सगळं ऐकत होते.”

पाचवे ध्वनिमुद्रण मी त्याच सकाळी केले होते. एनिडबाईंच्या समोरच्या घरात पूर्वी राहणारे, नव्वदीचे एक गृहस्थ. ते यंत्रासमोर अगदी शांतपणे म्हणाले होते, “दाराशी वाकली होती ती. हात कोपरापर्यंत आत. चाचपत होती.”

मी यंत्र पिशवीतून काढले नाही.

दुपारचे तीन वाजले होते. बाहेर स्वच्छ ऊन होते.

टपालाच्या फटीची झडप आत उचलली गेली. पत्र पडले नाही. झडपही खाली आली नाही.

एनिडबाई सावकाश उठल्या आणि शिवणकामाच्या पेटीत किल्लीला बांधायला दोरी शोधू लागल्या.