पाखरांच्या वाटीतलं पाणी

निवृत्त माणसाने काहीतरी नेमाने करावं, नाहीतर तो दिवसभर बायकोच्या पायात येतो, असं हमादीचं म्हणणं. हमादी माझा जुना मित्र, शाळेत चित्रकला शिकवायचा. मी आमच्या गावच्या, महदियाच्या बंदरावर जकात खात्यात होतो. तेहेतीस वर्षं लोकांच्या पिशव्या उलगडून पाहिल्या. जो गोड गोड बोलेल त्याची पिशवी आधी उघडायची, ही माझी सवय. नोकरी सुटली, सवय सुटली नाही.

त्याने मला एक वही, जलरंगांची डबी आणि दोन ब्रश घ्यायला लावले. "रोज एक पान," तो म्हणाला. "वेळ तीच, जागा तीच. आणि महिनाभर मागची पानं उलटायची नाहीत. उलटलीस की स्वतःचीच लाज वाटेल आणि चौथ्या दिवशी सोडून देशील."

जागा मी निवडली ती भूशिराच्या टोकावरचं कब्रस्तान. त्यात विशेष काही नाही, आमच्या गावात लोक संध्याकाळचे तिथे फिरायलाही येतात. चुना लावलेल्या कबरी पार खडकांपर्यंत उतरत गेलेल्या, आणि पुढे नुसता समुद्र. हमादीला वाटलं, मला तिथला उजेड आवडला. खरं कारण वेगळं होतं. दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा शुक्री एका होडीतून चोरून इटलीकडे निघाला. त्यानंतर त्याचा पत्ता नाही. ना फोन, ना प्रेत. माझी बायको मबरूका म्हणायची, तो जिवंत आहे. मीही मोठ्याने तेच म्हणायचो, आणि रोज दुपार कलताना, असरच्या नमाजानंतर समुद्राकडे तोंड करून बसायचो.

तिसऱ्या दिवशी पाण्याची बाटली घरी विसरली. आमच्याकडे कबरीच्या उशाशी दगडात एक लहानशी वाटी कोरतात, पाखरांनी पाणी प्यावं म्हणून. येणारा-जाणारा तिच्यात पाणी ओततो. माझ्या स्टुलाशेजारीच एक बिननावाची कबर होती, लाटांनी आणून टाकलेल्या कुणाची तरी. तिची वाटी काठोकाठ भरलेली. पाखरांच्या तोंडचं घ्यायला मन धजेना, पण पाण्याशिवाय रंग हलेना. शेवटी मी ब्रश बुडवला. दुसऱ्या दिवसापासून बाटली न्यायचंच सोडून दिलं.

ऑगस्टचं ऊन असं की ओली चादर दहा मिनिटांत वाळावी. तरी वाटी भरलेलीच. त्या कबरीकडे कुणी फिरकताना मी पाहिलं नव्हतं, आणि एकही पाखरू तिथे चोच बुडवत नव्हतं. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एके दिवशी जेवल्याजेवल्या जाऊन बसलो, वाटी रुमालाने कोरडी पुसली आणि पहारा दिला. चिटपाखरू आलं नाही. असरची बांग झाली, मी क्षणभर मशिदीकडे पाहिलं, पुन्हा वळलो... वाटी भरलेली. बोट बुडवून चाखलं. खारट.

कुणीतरी गंमत म्हणून समुद्राचं पाणी ओततंय, असं मी ठरवून टाकलं. माणूस स्वतःला झेपेल तेच ठरवतो. ब्रश मात्र त्याच वाटीत बुडवत राहिलो. समुद्राचं चित्र समुद्राच्या पाण्याने काढलं तर बिघडलं कुठे?

महिना भरला त्या दिवशी वही घेऊन हमादीबरोबर चहाला बसलो. पहिली दोन पानं बघून तो खदखदून हसला. "हा समुद्र आहे की गाढवावरची घोंगडी?" तिसऱ्या पानावर त्याचं हसू थांबलं.

"होडी भाड्याने घेतली होतीस?"

"कसली होडी?"

"मग हे कुठे बसून काढलंस?"

त्याने वही माझ्याकडे फिरवली. पानावर समुद्र होता, पण पलीकडे जमिनीची बारीक रेघ होती. मी रोज समोरचं पाणीच काढलं होतं, हे शपथेवर सांगतो. पुढच्या पानांवर ती रेघ जाड होत गेली. दीपगृह आलं. मग पांढरे ठिपके, मग कबरी. सोळाव्या पानावर त्या कबरींमध्ये, घडीच्या स्टुलावर, टोपी घातलेला एक माणूस मांडीवर वही घेऊन बसला होता. चेहऱ्याच्या जागी कोरा कागद. रंगात मिठाचे कण चमकत होते.

"हमादी, ही तुझी थट्टा असेल तर..."

"तारखा तुझ्या हातच्या आहेत," तो हळू आवाजात म्हणाला. "आणि रंगकामसुद्धा. इतकं वाईट मला जमणार नाही." चहा तसाच टाकून तो उठला. "वही घरी नेऊ नकोस, तिजानी."

मी नेली. पुढच्या पानांवर आमच्याच गल्ल्या होत्या, आणि असला पुरावा कुणी उघड्यावर टाकत नाही.

मबरूकाने ती माझ्या हातातून ओढूनच घेतली. एकेक पान उलटत गेली आणि रडायला लागली. "येतोय हो. माझा शुक्री येतोय."

"नीट बघ," मी म्हणालो. "ज्याच्या डोळ्यांनी ही चित्रं दिसतायत, तो आधी लोहाराच्या दारापुढे उभा राहिलाय. मग बेकरीपुढे. मग तुझ्या बहिणीच्या दारापुढे. शुक्री या गल्लीत लहानाचा मोठा झाला. त्याला दारं शोधावी लागतील?"

"दोन वर्षं झाली. विसरला असेल."

"आईचं दार?"

"आता पोराचीही पिशवी तपासणार का तुम्ही?"

शेवटच्या पानावर आमचं निळं दार होतं. बंद.

त्या दिवसापासून मी ब्रशला हात लावला नाही. मबरूकाने मात्र शुक्रीच्या खोलीत धुतलेली चादर अंथरली, दार सताड उघडं ठेवलं. रोज असरच्या वेळी उंबऱ्यात उभी राहून ती गल्लीकडे बघत म्हणायची, "ये बाळा. घरात ये." मी दार लावायला गेलो की आडवी यायची. मला तिचा राग आला नाही, भीती वाटली. मुलगा मलाही हवा होता. पण तो असा येत असेल, तर तो जिवंत नाही, हे तिला कुणी सांगायचं?

चौथ्या दिवशी "ये बाळा" म्हणता म्हणता ती गप्प झाली. घरात शेवाळाचा वास शिरला, ओहोटीला खडकांना येतो तसा. वाट द्यावी तशी ती बाजूला सरकली. मग दार लावून आतून कडी घातली. इतका शांत चेहरा मी दोन वर्षांत पाहिला नव्हता.

"आला," ती म्हणाली.

मला काहीच दिसलं नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. नंबर परदेशातला. स्पीकर लावला आणि पलीकडून आवाज आला, "बाबा? ... मी शुक्री बोलतोय."

मबरूकाने फोन हिसकावला. तो इटलीतल्या पालेर्मोत होता. होडी फुटली होती, दुसऱ्याच किनाऱ्यावर तो पकडला गेला होता, दीड वर्ष कोठडीत गेलं, मग तोंड दाखवायची लाज वाटत राहिली. ती हसत होती, रडत होती, "मेल्या, एक फोन करता येत नव्हता?" म्हणून शिव्या घालत होती. मी भिंतीला टेकून पोरासारखा रडलो. माझा मुलगा जिवंत होता.

मग पलीकडे शुक्री अडखळला.

"आई... तुझ्यामागे कोण आहे?"

"कोण असणार? तुझे बाबा."

"बाबा नाहीत. दुसरंच कुणीतरी... आई, आई, म्हणून हाक मारतंय तुला."

आम्ही कान दिले. घरात कसलाही आवाज नव्हता. मबरूकाने फोनवर तळवा ठेवला आणि धुतलेली चादर अंथरलेल्या त्या खोलीकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता ही किंचाळणार.

"थांब बाळा," ती त्या खोलीकडे बघत हलकेच म्हणाली. "आधी तुझ्या भावाशी बोलू दे."