दाल कुठेय?

नेदरलँड्समधल्या आमच्या हूफडॉर्पमध्ये पडदे लावायची फारशी पद्धत नाही. आमच्या गल्लीतली सगळी घरं एकाला एक चिकटलेली, पुढे मोठी काच, मागे मोठी काच. रस्त्यावरून जाणाऱ्याला आमचा सोफा दिसतो, सोफ्यामागची बाग दिसते आणि बागेपलीकडचं पाणी दिसतं. पाणी म्हणजे एक अरुंद कालवा. कठडा नाही, कुंपण नाही. गवत संपतं आणि पाणी सुरू होतं, एवढंच. इथली मुलं लहानपणीच पोहायला शिकतात, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटत नाही.

मला वाटायचं. आमची मुलगी स्वानंदी साडेतीन वर्षांची होती. पोहण्याच्या वर्गात तिचं नाव घातलं आणि कोविडमुळे तलाव बंद झाले. मग पाळणाघरही बंद झालं. माझा नवरा श्रीहर्ष दिवसभर खालच्या खोलीत हेडफोन लावून मीटिंगमध्ये. आणि मी येता-जाता मागच्या दाराचं कुलूप ओढून बघायची. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलंय. कुलूपबंद दारातून साडेतीन वर्षांची मुलगी पाण्यापर्यंत पोचण्याची शक्यता किती कमी आहे, ते मला कळत होतं. तरी ओढून बघायचीच.

डिसेंबरातल्या एका सकाळी ती वर तिच्या खोलीत खिडकीशी उभी राहून हात हलवत होती.

"कुणाला टाटा करतेस गं?"

"मेव्लावला."

मेव्राव म्हणजे डचमध्ये बाई. स्वानंदीला 'र' म्हणता येत नसे. मी वाकून पाहिलं. ओलं गवत, काळं पाणी, पलीकडे वाळलेली लव्हाळी. कुणी नव्हतं.

"काय म्हणते मेव्राव?"

"विचालते, दाल कुठेय."

संध्याकाळी सांगलीला आईशी व्हिडिओवर बोलताना मी हे हसत हसत सांगितलं. आई उखडलीच. "दाल? आपल्या घरात वरण म्हणतात. तिथल्या हिंदीवाल्यांत राहून पोरीची भाषा बिघडवलीस तू, मृदुला. म्हण गं बाळा, वरण."

"वलन नाही, आजी," स्वानंदी म्हणाली. "दाल. असं." आणि तिने दोन्ही हातांनी हवेत काहीतरी ढकललं.

दार. ती बाई दार विचारत होती. आई हसायला लागली. मी उठून कुलूप ओढून बघितलं.

शेजारच्या घरात मनांग फेलिसा राहायची. मनांग म्हणजे तिच्या भाषेत ताई. तिनेच तसं म्हणायला सांगितलं होतं. फिलिपीन्सच्या उत्तरेकडच्या इलोकोस भागातली. वृद्धाश्रमात नोकरी, डच नवरा वारलेला, मुलंबाळं नाहीत. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, मधलं झुडपांचं कुंपण आणि दीड मीटरचा नियम सांभाळून. अख्ख्या गल्लीत वरच्या मागच्या खिडकीला कापड लावलेली ती एकटीच. मला ती हौस वाटायची.

नाताळच्या दिवशी ती कुंपणाशी आली. लॅपटॉपवर चर्चची प्रार्थना होती म्हणून तिने आईचा पोशाख घातला होता. अननसाच्या पानांच्या धाग्याचं, आरपार दिसणारं पोलकं, आणि खांद्यांवर पंखांसारख्या ताठ उभ्या बाह्या. थंडीत कुडकुडत होती, पण हसत होती. मग तिची नजर आमच्या वरच्या खिडकीकडे गेली. स्वानंदी तिथे हात हलवत होती. फेलिसाकडे बघून नव्हे. पाण्याकडे.

फेलिसाचं हसू गेलं. "केव्हापासून?" तिने विचारलं.

मी सांगितलं. तिने घरात जाऊन एक पिशवी आणली, कुंपणावर ठेवली आणि नियमाप्रमाणे मागे सरली. आत तिच्याच खिडकीवरची चादर होती. ती म्हणाली, "बिनाकोल. माझ्या आईने विणलंय. मुलीच्या खिडकीला लाव."

"आणि तुमच्या खिडकीला?"

"माझ्याकडे लहान मूल नाही."

चादर जाड सुती होती. माग अरुंद, म्हणून तीन पट्टे विणून हाताने जोडलेले. काळ्या-पांढऱ्या बारीक चौकटी, कडांकडे निमुळत्या होत गेलेल्या. सपाट कापडावर चेंडू फुगून आलेत आणि जागच्या जागी गरगरताहेत असं वाटायचं. मी नजर काढून घेतली.

"हेच त्याचं काम," फेलिसा म्हणाली. "वाऱ्यातून येणाऱ्यांना, पाण्यातून येणाऱ्यांना भोवळ येते. ते फिरत राहतात. ह्याला सुरुवात नाही, शेवट नाही." मग म्हणाली, "आणि कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. तिला सांग. तूसुद्धा नाही."

"ऑप्टिकल इल्युजन," श्रीहर्ष स्टुलावर चढून खिळे ठोकताना म्हणाला. "मस्त आहे पण. निदान एका तरी खोलीत कपडे बदलता येतील."

मी स्वानंदीला बजावलं. "कुणी काही विचारलं ना, तर उत्तर नाही द्यायचं." तिने ते पाठ केलं, कवितेसारखं. "उत्तल नाही द्यायचं. उत्तल नाही द्यायचं."

दोन-तीन दिवसांनी ती चादरीकडे बघून खिदळत होती. "आई, मेव्लाव गोल गोल फिलते. तिला दाल सापडतच नाही!"

तिला गंमत वाटत होती. मी मात्र त्या खोलीत चादरीकडे पाठ करून बसायला लागले. पण खरं सांगायचं तर त्या महिन्यात मला बरी झोप लागली.

जानेवारीत फेलिसाला खोकला झाला. वृद्धाश्रमात एकामागोमाग एक माणसं जात होती, आणि ती कामावर जातच राहिली होती. ॲम्ब्युलन्स सायरन न वाजवता आली. स्ट्रेचरवरून तिने आमच्या खिडकीकडे मान वळवली, चादर आहे हे पाहिलं आणि अंगठा वर केला.

मग फेब्रुवारीत बर्फ पडलं आणि कालवा गोठला. माणसं स्केट्स घेऊन बाहेर आली, हसत-ओरडत आमच्या बागेमागून घसरत जायला लागली. आमच्या खिडक्यांना आतून ओल धरली, ओलीचं बर्फ झालं. हवा खेळती राहावी म्हणून श्रीहर्ष खिडकी उघडायला गेला. चादर काचेला चिकटली होती. त्याने ओढली आणि मधल्या पट्ट्याची शिवण वरपासून खालपर्यंत उसवली.

"सॉरी, सॉरी, सॉरी," तो म्हणाला. "शिवता येईल ना?"

आईने व्हिडिओवर फाटलेलं कापड पाहिलं आणि पदर खोचल्यासारखी सरसावून बसली. "नुसती शिवण नको घालूस, परत उसवेल. खाली जुनी साडी लाव आणि गोधडी घाल. कडेनं सुरू कर. चारी बाजूंनी फिरत फिरत आत आत यायचं, शेवटची गाठ मधोमध. जन्मात फाटायची नाही."

माझ्या डोहाळजेवणाची हिरवी सुती साडी होती. ती खाली घातली, वर बिनाकोलचे पट्टे जुळवले आणि लाल दोऱ्याने धावदोरा घालत बसले. कडेनं एक फेरी, मग बोटभर आत दुसरी. काळ्या-पांढऱ्यावर लाल दोरा सुरेख उठून दिसत होता. कित्येक महिन्यांत हाताने केलेलं काहीतरी पुरं होत होतं. मधोमध गाठ मारली, दाताने दोरा तोडला आणि आईला फोटो पाठवला. 'शाबास,' तिने लिहिलं. 'आता खिडकीला कसली लावतेस, पोरीच्या अंगावर घाल. गारठलीय ती.'

खरंच गारठली होती. मी ती तिच्या अंगावर घातली.

पहिल्या सकाळी गोधडीची कड ओली होती. म्हणजे सगळी कड नव्हे. दोऱ्याची पहिली फेरी तेवढी, लाल रंग गडद होऊन काळपट दिसणारी. कापड कोरडं. मी नाकाशी नेली. गाळाचा वास, लव्हाळी कुजल्याचा. हीटरवर टाकून वाळवली. दुसऱ्या दिवशी पहिली फेरी कोरडीच राहिली, ओल तिच्या आतल्या फेऱ्यांवर होती.

"कंडेन्सेशन," श्रीहर्ष एका कानावरचा हेडफोन सरकवून म्हणाला. "सुती दोरा पाणी ओढतो. मृदुला, तू झोप जरा."

त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं. म्हणून मी पटवून घेतलं. ओल रोज थोडी आत जात होती. मी फेलिसाला मेसेज टाकत होते. तिच्याकडून काही येत नव्हतं.

बर्फ वितळायला लागलं त्या दुपारी मी स्वानंदीला झोपवत होते. बाहेर पागोळ्या गळत होत्या. कालव्यावर आता कुणी नव्हतं, बर्फाचा रंग राखाडी झाला होता. ती गोधडीखाली आडवी, डोळे अर्धे मिटलेले, एक बोट लाल दोऱ्यावरून फिरतंय.

"मेव्लाव आता गोल नाही फिलत," ती पेंगुळल्या आवाजात म्हणाली. "तुझ्या दोल्यावलून येते."

तेवढ्यात खाली माझा फोन वाजला. फेलिसाची रिंगटोन वेगळी ठेवली होती. मी धावत खाली गेले.

फोनच्या पडद्यावर तिचा चेहरा एवढासा झाला होता. नाकात नळ्या. तिने आधी विचारलं, "चादर बरी आहे?"

मी सांगितलं. उसवली ते, शिवली ते, कशी शिवली तेही.

तिने डोळे मिटले.

"दोरा कुठून सुरू केलास?"

"कडेनं."

"संपवलास कुठे?"

"मधोमध."

"मधे कोण झोपतं, मृदुला?"

मी फोन टाकून जिना चढले.

खोलीचं दार उघडं होतं, मी ठेवलं तसंच. खिडकी बंद. गोधडी पलंगावर सपाट पसरलेली, तिच्या मधोमध स्वानंदी बसलेली. मांडी घालून, शांत. मधली गाठ सुटलेली होती. दोऱ्याचं टोक तिच्या हातात होतं.

"झोप झाली," ती म्हणाली.

मी तिला उचलून घट्ट धरलं. अंग कोरडं, केस कोरडे. गोधडीही सगळीकडे खडखडीत कोरडी होती. तिच्या मानेत नाक खुपसलं. तिथे कायम दुधाचा आणि खोबरेल तेलाचा वास असायचा. त्या वेळी मला कसलाच वास आला नाही. कोविड झाला की वास जातो, हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी टेस्ट केली. निगेटिव्ह आली.

गोधडीचा सगळा धावदोरा मी त्याच संध्याकाळी उसवला. साडी वेगळी केली. पट्टे जसे होते तसे नुसत्या कडेनं जोडले, चौकटीला चौकट जुळवून, कुठे टोक दिसणार नाही असे. श्रीहर्षला सांगून चादर पुन्हा खिडकीला ठोकून घेतली. फेलिसाला व्हेंटिलेटरवर ठेवल्याचं तिच्या सहकारिणीने कळवलं. पुढे तिच्याकडून कधी फोन आला नाही.

पण घर शांत झालं. मेव्राव पुन्हा आली नाही. स्वानंदी पानातलं सगळं संपवायला लागली, हाक मारली की लगेच यायला लागली. खिडकीकडे बघेनाशी झाली. त्या बाजूला पाठ करून खेळायची. मार्चमध्ये एकदा आई व्हिडिओवर टाळ्या पिटायला लागली. "अगं, ऐकलंस का? र! र म्हणाली! परत म्हण गं सोन्या, हरिण. गरगर. वारा."

"हरिण," स्वानंदी म्हणाली. "गरगर. वारा."

"बघ! मी म्हटलं नव्हतं, आपोआप येईल?"

मीही हसले. त्या आठवड्यात मागच्या दाराचं कुलूप ओढून बघायचं मी विसरायला लागले.

मग एका दुपारी तिला झोपवत होते. बाहेर निरभ्र ऊन होतं, वारा पडलेला. श्रीहर्षचा मीटिंगमधला आवाज खालून अस्पष्ट येत होता. चादरीतून उजेड झिरपत होता आणि काळ्या-पांढऱ्या चौकटी नेहमीसारख्या गरगरत होत्या. माझाही डोळा लागत होता.

चादरीमागे काचेवर काहीतरी वाजलं. हलकं. तळहात टेकल्यासारखं.

ती खोली वरच्या मजल्यावर आहे. बाहेर उभं राहायला जागा नाही.

"आई?"

मी उठून बसले.

"आई, दाल कुठेय?"

काचेपलीकडचा आवाज रडून थकलेला होता. खूप वेळ चालत असलेल्या मुलाचा असतो तसा. मी पलंगावरून पाय खाली सोडले. तोंड उघडलं.

स्वानंदीने उशीवरून डोकंही न हलवता हात लांब केला आणि एक बोट माझ्या ओठांवर ठेवलं. बोट गार होतं.

"उत्तर नाही द्यायचं, आई," ती म्हणाली. स्पष्ट, एकेक अक्षर सुटं.

आणि चादरीमागून, आता जरा डावीकडून, "आई, दाल?"