गाऊन का भिजला?

दवाखान्याच्या धुलाईघरात पाण्याचा थेंब गाऊनच्या कापडावर पडला आणि बघता बघता आत मुरला.

"हे काय गं आत्या? मागच्या महिन्यात तर टुणकन घरंगळला होता!" केतकी म्हणाली.

लीलाआत्याने दुसरा गाऊन ओढला, त्यावर थेंब सोडला. तोही भिजला. तिसऱ्याची तीच गत, चौथ्याची तीच. आत्याचं तोंड एवढंसं झालं.

आत्या होती वस्त्रशास्त्रज्ञ (धागे आणि कापड यांचा अभ्यास करणारी). इचलकरंजीत यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली. तिथल्याच मागांवर तिने दवाखान्यासाठी हे निळे गाऊन विणून घेतले होते. पूर्वी डॉक्टर आणि नर्स गाऊन एकदा घालायचे आणि फेकून द्यायचे. रोज कचऱ्याचा डोंगर, रोज तो जाळायचा, रोज तो घाणेरडा धूर. आत्याचा गाऊन मात्र पाऊणशे वेळा धुऊन वापरता येतो, असं ती सगळ्यांना छातीठोकपणे सांगत आली होती. आणि आता हा प्रकार!

केतकीला मात्र गाऊनपेक्षा आईची काळजी लागली होती. तिची आई शोभा याच दवाखान्यात नर्स. सकाळपासून ती विलगीकरण कक्षात होती (संसर्गजन्य आजाराचे रुग्ण वेगळे ठेवतात त्या खोलीत). तिच्या अंगावरचा गाऊन कोरा करकरीत, नीट तपासून दिलेला होता, तेव्हा तिला धोका नव्हता. पण तिची ड्युटी केव्हाच संपली होती. पुढच्या ड्युटीच्या मुजावर सिस्टर दाराशी तयार होऊन बसल्या होत्या आणि त्यांना घालायला एकही धड गाऊन नव्हता! कोरे संपले, धुतलेले गळके. रुग्णांना एकटं टाकून आई बाहेर येणार कशी? आणि आत असेपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा घेता येत नाही.

"आत्या, आईला बाहेर काढ ना गं काहीतरी करून!"

"अगं, तेच तर बघतेय." आत्याने गाऊन उजेडासमोर धरला. बरं, फाटलाय म्हणावं तर एक भोक नाही. विरलाय म्हणावं तर वीण घट्ट. "माझ्या प्रयोगशाळेत मी हाच गाऊन धुऊन धुऊन पिदडलाय. तिथे कधी भिजला नाही. मग इथल्याच धुण्यात काय बिघडतंय?"

इथलं धुणं करत होता फेसू. फेसू म्हणजे धुलाईघरातला यंत्रमानव. त्याला चार लांबलचक हात होते आणि स्वभाव असा गोड, की कुणाला नाही म्हणून म्हणायचा नाही.

"फेसू, साबण बदललास का रे?" आत्याने विचारलं.

"मुळीच नाही. साबण तोच."

"पाण्याचं तापमान?"

"तेही तुम्ही सांगितलेलंच."

आत्याने कपाळाला हात लावला. केतकी उगीचच गाऊनवरून हात फिरवत बसली होती. एकदम थांबली. तिने मुजावर सिस्टरांकडून नव्या गाऊनची रिकामी पिशवी मागून घेतली. आत नमुन्याचा छोटा तुकडा चिकटवलेला होता. तो चुरचुरीत लागत होता आणि हातातला गाऊन कसा, सशाच्या कानासारखा मऊ!

"फेसू, साबणानंतर तू आणखी काही घालतोस?"

"घालतो की!" फेसू खुलला. "शेवटच्या पाण्यात कपडे मऊ करायचं औषध घालतो. एका सिस्टरांनी सांगितलं, गाऊनने मान खरवडते. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून सगळेच गाऊन मऊ करतो."

"अरे देवा!" आत्या ताडकन उठली. "आणि मघाशी बोलला का नाहीस?"

"आपण साबणाबद्दल विचारलंत," फेसू नम्रपणे म्हणाला.

"पण मऊ केल्याने काय बिघडलं?" केतकीला काही उलगडेना.

"सांगते. ए फेसू, तू तोवर सगळे गाऊन नुसत्या गरम पाण्यात खळबळायला घे. दोन-तीनदा. औषधाचा थेंबही नको!" मग आत्या केतकीकडे वळली. "थेंब गोल का असतो ठाऊक आहे? पाण्याचे कण एकमेकांना घट्ट ओढून धरतात. याला म्हणतात पृष्ठताण (पाण्याच्या पृष्ठभागाला आकसून ठेवणारा ताण). माझ्या धाग्यांवर जलरोधक लेप आहे (पाण्याला दूर ठेवणारा थर). त्याची आणि पाण्याची मुळीच गट्टी नाही. म्हणून पाणी आपल्यातच गोळा होऊन राहतं आणि घरंगळतं."

"आणि मऊ करायचं औषध?"

"त्याच्या कणाला दोन टोकं असतात. एक जाऊन लेपाला चिकटतं. दुसरं बाहेर राहतं, आणि त्याला पाणी भारी आवडतं. असे असंख्य कण धाग्यावर बसले, की लेप पार झाकला जातो. वर थेंबाचा ताणही ढिला पडतो. मग काय, पाणी पसरतं आणि धाग्यांमधून थेट आत!"

"म्हणजे लेप खराब नाही झाला? नुसता झाकला गेलाय?"

"माझा तरी तसाच अंदाज आहे. औषध धुऊन निघालं आणि गाऊन चांगले गरम सुकवले, तर लेपाचे कण पुन्हा नीट उभे राहायला हवेत."

हवेत! केतकीचा जीव टांगणीला लागला. सुकवणीचं यंत्र घुमत राहिलं, आणि ती त्याच्या काचेला नाक लावून उभी राहिली.

अखेर पहिला गाऊन बाहेर आला. आत्याने थेंब सोडला. तो गोल झाला, डुलला आणि सरळ खाली घरंगळला. आत्या एका थेंबावर भुलणारी नव्हती. तिने कापडावर पाण्याची उंच नळी चढवली (पाण्याच्या दाबाखाली कापड गळतं का, ते बघण्यासाठी) आणि खाली कोरा कागद ठेवला. कागद कोरडा ठाक! तिने एकेक गाऊन तसाच तपासला. सगळे पास! मुजावर सिस्टरांनी "या अल्लाह, सुटलो!" म्हणत पहिलाच गाऊन अंगात चढवला आणि त्या कक्षात गेल्या.

थोड्या वेळाने आई बाहेर आली. न्हाऊन, कपडे बदलून, दमून पिवळी पडलेली. केतकीने धावत जाऊन तिला अशी मिठी मारली की आई धडपडलीच. आई तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली आणि मगच तिने विचारलं, "झालं तरी काय होतं?"

केतकीने सगळी हकीकत सांगितली. फेसू मान तिरकी करून आईकडे बघत होता. "तक्रार करणाऱ्या सिस्टर याच," तो म्हणाला.

आई बघतच राहिली. "अगं बाई! म्हणजे मीच स्वतःला आत कोंडून घेतलं की!" आणि ती पोट धरधरून हसायला लागली. तिच्या मानेवर कॉलरचा लालभडक वळ उठलेला होता.

आत्या मात्र हसली नाही. तिने तो वळ जवळून पाहिला. "शोभा, तू हे फेसूला सांगितलंस. मला का नाही?"

"वन्सं, तुम्ही कधी विचारलंच नाही."

पाण्याचा दाब, धाग्याची वीण, धुलाईची संख्या, सगळं आत्याने तपासलं होतं. ज्यांच्या अंगावर गाऊन दिवसभर असणार, त्यांना काय टोचतं हे विचारायचं तेवढं राहिलं होतं.

"आत्या, आख्खा गाऊन मऊ कशाला हवा?" केतकी म्हणाली. "नुसती गळ्याला आतून सुती पट्टी लावली तर? काढता-घालता येणारी, वेगळी धुवायची."

"लावूया की. पुढच्या खेपेचे गाऊन तसेच करू." आत्याने खुर्ची ओढली आणि आईच्या पुढ्यात बसली. "बस शोभा. सांग, आणखी कुठे कुठे टोचतं?"

"सांगते ना," आई पाय पसरत म्हणाली. "पण वन्सं, आधी चहा. यादी लांबलचक आहे."