कापसाचा नवरा

आमच्या कारंज्यात नाटकाची तालीम भर दुपारी होते हे सांगितलं की बाहेरचा माणूस हसतो. पण दिग्दर्शक शिखरचंदजी पक्के जैन. दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हायलाच हवं. तालमीची जागाही त्यांचीच, जुन्या बाजारातलं रुईचं, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचं, गोदाम. हंगाम संपला की ते रिकामं होतं, आणि रविवारी जेवणं उरकून आम्ही तिथं जमतो. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, म्हणून दिवे माझ्याकडे. अभिनय मला औषधालाही येत नाही. माझ्या बायकोला, शुभांगीला, तो येतो हे मात्र मला या वर्षी कळलं, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर.

नाटक जुनं, शोकान्त. एका सरदारावर तिघांचं जिवापाड प्रेम असतं. आईला तो घराबाहेर जायला नको असतो, म्हणून 'घर सोडून निघून जा' असं सावध करणारा निरोप ती चुलीत टाकते. मित्राला त्याच्या मायेत दुसरा वाटेकरी सोसत नाही, तो घात करतो. बायकोला मित्राचं मन आधीच कळलेलं असतं, पण नवरा दुखावेल म्हणून ती गप्प राहते. शेवटच्या अंकात चादरीखाली प्रेत आणि समोर ती एकटी.

"दुश्मन कोनीच नाही यात," शिखरचंदजी म्हणायचे. "तिघायनं प्रेमच केलं. अन् त्यातच बिचारा मेला."

बाकीचे त्या मित्राला शिव्या द्यायचे. मला तो पटायचा.

सरदार झाला होता रतनसिंग, खताच्या दुकानाचा मालक, आणि त्याची बायको शुभांगी. तुम्हाला वाटेल, मी त्याच्यावर जळलो असेन. सुरुवातीला जळलोही. पण रतनसिंग वाक्य विसरला की छताकडे बघतो, आणि शुभांगी त्याच्याशी भाव करत असल्यासारखी बोलते. त्याच्यापासून मला धोका नव्हता. मी जळलो ते त्याच्या प्रेतावर.

प्रेत म्हणजे बाहुलं. आमच्या मंडळात जिवंत माणसाला पांढऱ्या चादरीखाली निजवत नाहीत. दर वर्षी जुन्या धोतराचं बाहुलं शिवतात, त्यात रुई भरतात, ते बाजेवर ठेवतात आणि वरून चादर. मी याला हसलो तेव्हा शिखरचंदजी हसले नाहीत.

"हासू नको, हर्षल. एक डाव मढं होऊन झोपलं का मंग तिथून उठाले जड जाते मानसाले."

मी वायरमध्ये करंट आहे का हे टेस्टर लावून बघणारा माणूस. मी दिव्याचा कोन नीट केला आणि विषय सोडून दिला.

शेवटच्या अंकात शुभांगी बाजेशी बसायची, चादरीखाली हात घालायची, तोंड खाली न्यायची आणि रडायची. असं रडणं मी तिचं कधी ऐकलं नव्हतं. तिचे वडील गेले तेव्हाही ती माहेरी, मानोऱ्याच्या मळ्यावर आलेल्या माणसांचा चहा बघत होती. इथं तिचा आवाज पोटातून यायचा. रडता रडता ती बाहुल्याच्या कानाशी काहीतरी कुजबुजायची, आणि ते नाटकात लिहिलेलं नव्हतं.

घरी आल्यावर मी विचारलं, "तू काय बोलत होती त्याच्यासंगं?"

"काय बोलन? रडता रडता कायतरी बोलाच लागते. मुकाट्यानं रडते का कोनी?"

"मंग मधात थांबत काहून होती?"

"दम घ्याले." तिनं पोळी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे वळून बघितलं. "अहो, तुमी बाहुल्यावर जळून राह्यले का?"

ती हसली. मीही हसलो. पण ती थांबत होती ती दम घ्यायला नव्हे. फोनवर पलीकडचा माणूस बोलत असताना आपण थांबतो, तशी ती थांबत होती. एकदा तर तिनं मान हलवून हो म्हटलं होतं.

पुढच्या रविवारी सगळे चहाला बाहेर गेले, तेव्हा मी बाजेपाशी गेलो. गोदामात सरकीचा तेलकट वास होता, पत्र्याच्या फटीतून उन्हाच्या रेघा आल्या होत्या आणि त्यात कापसाची तुसं तरंगत होती. मी चादरीखाली हात घातला. बाहुल्याची छाती कोमट होती. दिव्याची धग, मी म्हटलं. त्यानंतरच्या खेपेला मी दिवा मुद्दाम दूर, पायांकडे वळवला. पाय गार होते. छाती कोमटच.

मग मी कात्री आणली आणि शिवण उसवली. आत रुई होती, दुसरं काही नव्हतं. ती सगळी उपसली, दाबून पुन्हा भरली आणि वेड्यावाकड्या टाक्यांनी शिवली. शुभांगीनं त्या दिवशी बाजेशी बसताच चादरीखालून हात फिरवला, आणि माझ्या टाक्यांपाशी आल्यावर ती चपापली. तिथं ती किती वेळ तरी बोटं फिरवत राहिली, दुखलंखुपलं बघावं तशी. मला लशीच्या इंजेक्शननं ताप आला होता तेव्हा तिनं गोळी आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला होता. तेही प्रेमच, नाही म्हणत नाही. पण माझ्या वाट्याला तेवढंच का?

मला त्या कापसाचा हेवा वाटत होता. सरळ सांगतो, इतका हेवा मला जन्मात कुणाचा वाटला नाही.

एकदा वायर तपासायच्या निमित्तानं मी बाजेमागे जाऊन बसलो. रतनसिंगची वाक्यं संपली. शुभांगी आली, वाकली.

"आज उशीर झाला रे," ती कुजबुजली. "तू जागाच होता?"

मग ती थांबली. ऐकलं. आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना ती हसली, लाजून.

मला ती कधी 'तू' म्हणाली नव्हती.

प्रयोग मंगल कार्यालयात होता, रविवारीच, दुपारी. खुर्च्या भरल्या, मागे सतरंज्याही भरल्या. पहिले अंक चांगले झाले. आईचं काम करणाऱ्या गोमतीबाईंनी निरोपाचा कागद चुलीत टाकला तेव्हा बायका हळहळल्या. मित्रानं कट्यार काढली तेव्हा कुणीतरी ओरडलं. मी विंगेत उभा राहून सगळं बघत होतो आणि मला फक्त शेवटचा अंक दिसत होता.

त्या अंकात एकच दिवा, मंद, पहिल्यापासून शेवटपर्यंत. माझं तिथं काही काम नव्हतं.

पडदा बंद होता. पडद्यामागच्या अंधारात मी बाहुलं उचललं आणि विंगेतल्या ट्रंकेमागे टाकलं. बाजेवर आडवा झालो आणि चादर तोंडावरून घेतली. तिच्या मनात काय आहे ते आज तिनं मलाच सांगावं. ते ऐकायचा हक्क माझा होता, कापसाचा नव्हे.

पडदा सरकल्याचा आवाज आला. चादरीतून दिवा पिवळट दिसला. सभागृह शांत झालं.

तिची पावलं आली. बांगड्या वाजल्या. ती बाजेशी बसली आणि तिचा हात चादरीखाली शिरला.

बोटं माझ्या गालाला लागली, मिशीवर आली, थांबली. तिनं मला ओळखलं. हात झटकला नाही, दचकलीही नाही. वर तिचं रडणं चालूच होतं, पोटातून, आणि समोरच्या बायका पदर डोळ्यांना लावत असणार.

मी श्वास रोखून वाट पाहिली. आता बोल, शुभांगी.

ती वाकली. पण माझ्याकडे नाही. तिचं तोंड माझ्यावरून पलीकडे गेलं, बाजेच्या दुसऱ्या कडेला.

"सरक ना जरा," ती हळूच म्हणाली. "ह्यांले बी जागा दे."

बाज करकरली. माझ्या डाव्या अंगाला कुणीतरी हळूहळू कडेला सरकलं.

शुभांगीचा हात माझ्या छातीवरून पलीकडे गेला आणि तिथेच थांबला.

मी अंग चोरून पडून राहिलो.