श्वासाची पाळी

वीटभट्टीवरच्या सुनेला सकाळी टेम्पोतून दवाखान्यात आणलं, तेव्हा तिच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. पायावरची खूण म्हणाल तर नखाने ओरखडल्याएवढी. पोटात कळ आली म्हणून ती पहाटे उठली, सासूने अंथरूण झटकलं, तर खालून मण्यार निघाली.

"मांत्रिकाकडे नेलं नाही, सरळ इथंच आणलं," सासू धापा टाकत म्हणाली. "तुम्हीच भट्टीवर येऊन सांगितलं होतं ना, बाई? आता मला तोंडघशी पाडू नका."

भट्ट्या पालथ्या घालून डॉक्टरीणबाईंनी हेच सांगत घसा कोरडा केला होता. वरिष्ठांच्या हात धुऊन मागे लागून सापाच्या विषावरची लस मिळवली होती. ही पोरगी हातची गेली, तर उद्यापासून दवाखान्याची पायरी कोणी चढणार नव्हतं.

सलाईनमधून लस सुरू झाली आणि तेवढ्यात सुनेचा श्वास थांबला. डॉक्टरीणबाईंनी घशात नळी घालून तिला रबरी पिशवी जोडली. पिशवी दाबली की छाती वर यायची, सोडली की बसायची. श्वास देणारं यंत्र इथे नव्हतं, आणि मोठ्या इस्पितळाच्या वाटेवरचा पूल अवकाळी पावसाने पाण्याखाली होता. डॉक्टरीणबाई, सिस्टर आणि सुनेचा दीर, तिघांनी पाळी लावली.

"एक, दोन, दाब. एक, दोन, दाब."

दुपारी पाळी बदलताना दिराचा हात पिशवीवरून निसटला. दुसरा हात पोचायच्या आत छाती वर आली.

"वहिनीनं घेतला! स्वतः घेतला!" दीर ओरडला.

डॉक्टरीणबाईंनी चिमटा काढून पाहिला, डोळ्यांत टॉर्च मारली. अंग लुळंच होतं. "नाही. अजून नाही."

त्यानंतर पिशवी हलकी लागायला लागली. दाबायला जावं, तर ती आधीच दबत असायची.

"मॅडम, पिशवी गार लागतेय हो," सिस्टर हळूच म्हणाली.

"रबर आहे, लागणारच."

"रबरासारखी नाही. हातासारखी."

डॉक्टरीणबाई लसीच्या आणखी बाटल्या आणायला शेजारच्या खोलीत गेल्या. परतल्या तेव्हा दीर अंगणात नळाला तोंड लावून पाणी पीत होता. सिस्टर स्टुलावर, भिंतीला डोकं टेकून गाढ झोपली होती.

पिशवी उशीवर एकटीच होती.

दबत होती. सुटत होती.

किंकाळी त्यांनी गिळली. आधी नाडी पाहिली. नाडी उत्तम होती.

मग पिशवीवर हात ठेवला.

ती लगेच सुटली नाही. मग सुटली, दमलेल्या माणसाने ओझं दुसऱ्याच्या हाती द्यावं तशी.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली आणि सुनेची पापणी हलली. मग बोटं. मग श्वास, तिचा स्वतःचा! दीर ढसाढसा रडला. सासूने डॉक्टरीणबाईंना अशी मिठी मारली की त्यांचा चष्माच पडला.

नळी निघाल्यावर सून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मला सगळं ऐकू येत होतं. तुमचे आकडे, सिस्टरच्या बांगड्या, भाऊजींचं मुसमुसणं. चौथं कोण होतं हो? बोलत नव्हतं. पण सगळ्यांत सुरेख श्वास त्याचाच."

त्याच आठवड्यात मांत्रिक साप चावलेल्या आपल्या भाचीला खांद्यावर घालून धावत आला.

"मंत्र घातला का?" सिस्टरने विचारलं.

"वेळ कुठे होता, बाई? आधी इथंच आणली."

तीही वाचली. सुनेला घरी न्यायला अख्खी भट्टी लोटली, टेम्पोचा भोंगा थांबेना. एकदा शेवटची तपासणी म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. ठोके नीट ऐकू यावेत म्हणून सवयीने स्वतःचा श्वास रोखला.

त्यांची छाती वर आली.

बाहेर टाळ्या चालल्या होत्या. त्यांनी ओठ घट्ट मिटले, नाक चिमटीत धरलं.

छाती पुन्हा वर आली. सावकाश, अगदी सुरेख.