बाहेरची कडी

दुपारी बंगल्यावरून निरोप आला, तेव्हा मी एका दाराला रंधा मारत होतो. कडी बसवायची होती. वरच्या मजल्यावर, मुलीच्या खोलीला, बाहेरून.

कारण विचारायची गरज नव्हती. ते कारण माझ्याच घरात जेवतं, झोपतं आणि मला बाबा म्हणतं.

"तूच बसव," बाईसाहेब म्हणाल्या. "म्हणजे तुझ्या पोराला कुणी हात लावणार नाही."

हाच शब्द त्यांच्या सासऱ्यांनी माझ्या वडिलांना दिला होता. तेव्हा त्या घरची लेक माझ्या थोरल्या भावात गुंतली होती. वडिलांनी गपगुमान कडी ठोकली. ती त्याच खोलीत मेली, आणि दादा नदीत सापडला. एवढं माहीत असून मी हत्यारांची पिशवी उचलली. पोटच्या पोरासाठी माणूस अक्कल गहाण टाकतो.

वर जिन्यात ओल्या लाकडाचा वास होता. चौकटीवरची जुनी भोकं बुजवलेली होती, पण स्क्रू अगदी तिथेच बसले. मी पिळत होतो, तेवढ्यात आतून कुणीतरी दाराला टेकलं.

"मामंजी..."

सासरा म्हणून मला कुणी पहिल्यांदाच हाक मारत होतं.

"मामंजी, नका ना लावू..."

"पोरी, त्याचा जीव वाचेल," मी हळूच म्हणालो.

"तेव्हाही हेच म्हणाला होतात..."

त्या बोलण्याचा अर्थ मी लावला नाही. शेवटचा स्क्रू घट्ट केला आणि खाली आलो. दारात गाडी थांबली होती. बाईसाहेबांची मुलगी त्यातून उतरत होती. डोळे सुजलेले, दंड मामाच्या मुठीत.

मी तसाच वर धावलो. आता आत दोघांची कुजबुज होती.

"बाबा, उघडा..."

आवाज दादाचा की माझ्या पोराचा, मला कळेना. मी कडी उपटून काढली. खोली रिकामी होती.

पोरगा त्या दिवसापासून घरी आला नाही. नदी पालथी घातली, तिथेही नाही. आम्ही हात लावला नाही, असं बंगल्यावरचे शपथेवर सांगतात. मुलगी त्या खोलीतच बसून असते. दार उघडं असूनही बाहेर येत नाही.

मी अजून दारंच करतो, दुसरं येतं काय मला? तयार झालेलं दार भिंतीला टेकवून ठेवतो. मागे नुसत्या विटा. तरी दिवेलागणीला ते मागून कुणीतरी हलकेच ढकलतं. मी उघडायला धावतो, पण त्याला अजून चौकटच नसते.