जुना अँटेना काढण्याआधी

टीव्हीचं चित्र बिघडलं की लगेच अँटेनाला दोष द्यायचा नाही, हे मी पोरांना नेहमी सांगत आलो. आधी शेजाऱ्यांचा टीव्ही बघा. त्यांचंही चित्र बिघडलं असेल, तर गडबड वरूनच आहे. त्यांचं चांगलं असेल, तर आपली वायर तपासा, मग जोड, आणि सगळ्यात शेवटी अँटेना. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर आजार कुठला होता ते कधीच कळत नाही. शाळेत विज्ञान शिकवताना हे मी फळ्यावर लिहायचो. निवृत्तीनंतर माझ्याकडे एकच विद्यार्थिनी उरली होती, ती म्हणजे माझी नात. सदा झाडावर नाहीतर खिडकीत चढलेली, म्हणून तिला सगळे खारूताई म्हणत.

त्या रविवारी दुपारी आम्ही दोघं टीव्हीपुढे बसलो होतो आणि मुलगा कमरेवर हात ठेवून उभा होता.

"अण्णा, काढून टाकू या तो अँटेना. काड्या गंजल्यात, अर्ध्या तर कावळ्यांनीच वाकवल्यात. आणि तोंड बघा ना त्याचं! गल्लीतले सगळे टॉवरकडे बघतायत, आपला एकटा पाठ फिरवून बसलाय. रुसलेल्या पाहुण्यासारखा."

"रुसलेला असला तरी इतकी वर्षं चित्र दाखवलं त्यानं. आधी तपासू, मग ठरवू."

"तपासा. तुम्ही तर चहासुद्धा तपासून पिता."

खारूताई खुदकन हसली. मीही हसलो. पण नुसतं तपासायचं होतं असं नव्हे. तो अँटेना हिनं, खारूताईच्या आजीनं, बसवला होता.

मला उंचीची भीती, म्हणून वर जायचं ते हिनं. मी टीव्हीपुढे, मुलगा खिडकीत. मी सांगायचो, मुलगा ओरडायचा आणि ही वर दांडा फिरवायची. हिची एक खोड होती. चित्र स्वच्छ आलं तरी हिचा हात जरा पुढे जायचाच. आलेलं चित्र निघून जायचं, मग ही मागे यायची, अगदी हळूच, झोपलेल्या मुलाखालून हात काढावा तशी. दांडा ढिला होता, धरून ठेवला तरच चित्र टिकायचं. मग वरून आवाज यायचा, "अहो, मी काय जन्मभर इथंच उभी राहू?" शेजारीपाजारी हसायचे. शेवटी एकदा हिनंच तो दांडा तारेनं आवळून टाकला, पाण्याच्या टाकीकडे तोंड करून. तिकडे टॉवर नव्हता. टाकीवर आपटून लहरी येत असतील, असं मी म्हणालो. वर्गात मी कुणालाही 'असतील'वर सोडलं नसतं.

ही गेली तेव्हापासून चित्र विरत चाललं होतं. हिच्या वस्तू एकेक करून कपाटात गेल्या, काही वाटून टाकल्या. हिनं जिथं ठेवलं तिथंच अजून असलेलं, असं आता एवढंच उरलं होतं.

शेजारचं चित्र आरशासारखं होतं, ते खारूताई बघून आली. मग मुलगा मागच्या अंगणातली लोखंडी शिडी चढून गच्चीवर गेला. खारूताई खिडकीच्या कठड्यावर बसून बाहेर वाकली. खुर्चीतून मला तिची फक्त पाठ दिसत होती.

पडद्यावर नुसत्या मुंग्या.

"बाबा म्हणतात, दांडा गंजून घट्ट बसलाय. हलतच नाही."

"जोर लावू नको म्हणावं, मोडेल. आधी वायर बघ."

मग बराच वेळ काही झालं नाही. वर पावलं वाजली, थांबली. उन्हं कलून फरशीवर आली. टीव्ही एकसारखा खरखरत होता. माझा डोळा लागत होता, तेवढ्यात मुंग्यांमधून एक खांदा सरकला.

"हललं! डावीकडे घे म्हणावं."

"डावीकडे!" खारूताई ओरडली.

खांदा आला, मान आली. बातम्या देणारी बाई होती.

"आणखी थोडं."

"आणखी थोडं!"

चेहरा स्वच्छ झाला. मी 'थांब' म्हणायच्या आत तो निसटला, मुंग्यांमध्ये गेला.

मग मागे आला. अगदी हळूच.

माझी बोटं खुर्चीच्या हातावर आवळली गेली. चित्र आपणहून जागेवर बसलं. बाईच्या कपाळावरची बट न् बट दिसत होती. इतकं चांगलं चित्र आमच्या घरात फार वर्षांनी आलं होतं.

पुढचं दार वाजलं. मुलगा आत आला, घामाघूम, एका हातात नव्या वायरचं भेंडोळं, दुसऱ्या हातात जुनी वायर.

"जोड कुजला होता अण्णा, म्हणून वरूनच सगळी ओढून घेतली, दुकानात दाखवायला..."

त्याचं लक्ष पडद्याकडे गेलं. तो टीव्हीच्या मागे वाकला. वायर लावायची जागा रिकामी होती. तिथं त्यानं बोट लावून बघितलं.

"खारू," तो हलक्या आवाजात म्हणाला, "वर कोण आहे?"

"थांबा ना बाबा, चित्र हलेल."

तिनं वर बघून मान डोलावली. मग आमच्याकडे न वळताच म्हणाली,

"आजोबा, ती विचारतेय, हात सोडू का?"

मुलगा माझ्याकडे बघत होता. कोण विचारतंय, हे आम्ही दोघांनीही तिला विचारलं नाही.

उत्तर द्यायची घाई करू नये, असं मी मुलांना सांगायचो. मी पडद्याकडे बघत राहिलो. थोडा वेळ धर, एवढंच म्हणायचं होतं. तिनं धरून ठेवलं असतं. उद्याही, परवाही. मी टीव्हीपुढे बसलो असतो आणि ती उन्हातान्हात दांडा धरून उभी राहिली असती.

"सांग तिला," मी म्हणालो. "उद्या नवा अँटेना बसवतोय म्हणावं. हात सोड. ये खाली."

खारूताईनं शब्दन् शब्द ओरडून सांगितला.

चित्र गेलं.

मागच्या अंगणात शिडी वाजली. सावकाश, एकेक पायरी, मध्ये दम खात.

मुलगा मागच्या दाराकडे बघत होता. मी बघितलं नाही.

खारूताई खिडकीतून उतरली आणि कोचावर येऊन पाय पसरून बसली, मुंग्या बघत. थोड्या वेळानं, पडद्यावरची नजर न काढता, तिनं पाय आवरून घेतले आणि शेजारी एका माणसापुरती जागा करून दिली.